जड क्यू घेऊ की हलका?

मुलांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालते.

भिंतीला लावलेल्या लाकडी स्टँडमध्ये चार गुळगुळीत काठ्या उभ्या आहेत. एकीवर आकडा आहे १८, दुसरीवर १९, तिसरीवर २० आणि चौथीवर २१. समोर हिरव्या कापडाचं पूलचं टेबल आहे, रंगीत चेंडू मांडून झाले आहेत आणि पाळी तुमची आहे. सांगा, कोणती काठी उचलाल?

"२१ ची!" बरोबर ना? "दादा, मला ती मोठ्या नंबरची दे ना," असं म्हणून तुम्ही हात पुढे करणार, हे मला ठाऊक आहे. मोठा आकडा म्हणजे जड काठी, आणि जड काठी म्हणजे जोरदार फटका! हिशेब कसा सरळ वाटतो!

पण थांबा. हे परीक्षेतले गुण नव्हेत, की जितके जास्त तितके चांगले. हे आहे काठीचं वजन, औंस या मापात मोजलेलं. चार आकड्यांपैकी कोणताच आकडा पहिल्या नंबराचा नाही आणि कोणताच ढ नाही. मग आपला आकडा ओळखायचा कसा? चला, तेच पाहू या.

आधी ओळख करून घेऊ

पूल म्हणजे नदीवरचा नव्हे बरं का! हा टेबलावरचा खेळ. सहा पॉकेटं, एक पांढरा चेंडू आणि पंधरा रंगीत, आकडे घातलेले चेंडू. काठीने फक्त पांढऱ्या चेंडूला मारायचं आणि त्याच्या धक्क्याने बाकीचे चेंडू पॉकेटात घालायचे. काठीला म्हणतात 'क्यू'. पार्लरमध्ये बहुतेक मुलं नुसतं 'स्टिक'च म्हणतात. क्यूच्या टोकाला चामड्याची छोटीशी गोल टिप असते. ती घसरू नये म्हणून तिच्यावर निळा चॉक घासतात.

कॅरम खेळलेल्या मुलाला हा खेळ समजायला पाच मिनिटं पुरतात. पांढरा चेंडू म्हणजे स्ट्रायकर आणि रंगीत चेंडू म्हणजे सोंगट्या समजा. फरक एवढाच, की इथे स्ट्रायकरला बोटाने न मारता क्यूने मारायचं.

पूलचे भाऊबंद म्हणजे बिलियर्ड्स आणि स्नूकर. स्नूकरचा जन्म तर भारतातला! १८७५ साली जबलपूरला नेव्हिल चेंबरलेन नावाच्या एका ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने तो सुरू केला असं मानतात, आणि पुढे उटीच्या क्लबात त्याचे नियम पक्के झाले. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्याला हौशी खेळाडूंची जागतिक बिलियर्ड्स स्पर्धा जिंकली. कोणत्याही खेळात वैयक्तिक जगज्जेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय! आणि बिलियर्ड्स व स्नूकर मिळून वीसहून अधिक जागतिक विजेतेपदं मिळवणारा पंकज अडवाणी, त्याचाही जन्म १९८५ साली पुण्यातच झाला. तेव्हा हा खेळ परका आहे असं कुणी म्हणालं, तर त्याला एवढं जरूर सांगा.

आकडा काय सांगतो?

एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. म्हणजे १८ औंसांचा क्यू साधारण ५१० ग्रॅमचा आणि २१ औंसांचा साधारण ५९५ ग्रॅमचा. पूलचे बहुतेक क्यू याच दोन आकड्यांच्या मधे बसतात. १९ औंसांचा क्यू सगळ्यांत जास्त आढळतो. स्नूकरचे क्यू बहुधा याहून थोडे हलके असतात. पूलच्या जागतिक संघटनेच्या नियमाप्रमाणे क्यू जास्तीत जास्त २५ औंसांचा, म्हणजे सुमारे ७०९ ग्रॅमचा चालतो. कमीत कमी वजनाची मात्र अट नाही.

एका आकड्याचा फरक म्हणजे किती? घरातल्या कॅरमच्या पाच सोंगट्या तळहातावर घ्या. झाला साधारण एक औंस! "एवढासाच?" असं तुम्ही म्हणाल. पण दप्तरात एक वही जास्त असली, तर जिना चढताना कळतंच ना? आणि क्यू तर तासाभरात शंभर वेळा मागेपुढे न्यायचा असतो. सोंगट्या पाचच, पण हाताला त्या कळतात.

जड क्यूने चेंडू जोरात जातो का?

आता खरी गंमत. वही-पेन्सिल घेऊन बसा.

पूलचा चेंडू १५६ ते १७० ग्रॅमचा असतो. आपण १७० धरू. १८ औंसांचा क्यू ५१० ग्रॅमचा. ५१० ला १७० ने भागा. उत्तर ३. म्हणजे हा क्यू चेंडूच्या तिप्पट जड. २१ औंसांचा क्यू ५९५ ग्रॅमचा. ५९५ ला १७० ने भागा. उत्तर साडेतीन. (जाता जाता कॅरमकडेही पाहा. सामन्यातला स्ट्रायकर जास्तीत जास्त १५ ग्रॅमचा आणि सोंगटी ५ ते साडेपाच ग्रॅमची. तिथेही जवळजवळ तिप्पटच!)

एक जड वस्तू स्थिर असलेल्या हलक्या वस्तूवर आपटली, की हलकी वस्तू जड वस्तूपेक्षा जास्त वेगाने उडते. पण याला मर्यादा आहे. धडकेत शक्ती मुळीच वाया गेली नाही असं धरलं, तरी हलक्या वस्तूचा वेग मारणाऱ्याच्या वेगाच्या दुपटीपुढे जात नाही. मग मारणारा क्यू असो नाहीतर रोडरोलर!

आपल्या क्यूचं काय? तिप्पट जड क्यू चेंडूला स्वतःच्या वेगाच्या १.५ पट वेग देतो. साडेतीनपट जड क्यू देतो साधारण १.५५ पट. म्हणजे हात सेकंदाला २ मीटर या वेगाने आला, तर पहिल्या क्यूने चेंडू ३ मीटर वेगाने सुटेल आणि दुसऱ्याने ३.११ मीटर वेगाने. चामड्याच्या टिपेत थोडी शक्ती जिरते, त्यामुळे प्रत्यक्षात दोन्ही आकडे कमी भरतील. पण त्यांच्यातलं प्रमाण तेच राहील.

पाहिलंत? क्यूचं वजन वाढलं जवळजवळ १७ टक्के आणि चेंडूचा वेग वाढला चार टक्क्यांहूनही कमी! तोही केव्हा? जड क्यू घेऊनही तुमचा हात तितक्याच वेगाने आला तर. जड क्यूने हात जरासा मंदावला, की तो फायदाही गेला. मग उरलं काय? नुसतं ओझं!

मग वजनाने फरक पडतो तरी कुठे?

फरक पडतो तुमच्या हातात. क्यू मारताना खांदा स्थिर ठेवायचा आणि कोपरापासून खालचा हात भिंतीवरच्या घड्याळाच्या लंबकासारखा हलवायचा. लंबकाला घाई नसते, झटका नसतो. तसाच हात चालला, तर टिप सरळ जाते आणि चेंडूवर नेमकी जिथे हवी तिथे लागते. टिप दोन-तीन मिलिमीटर बाजूला लागली, तरी पांढरा चेंडू गिरकी घेत भलत्याच वाटेला लागतो.

क्यू तुम्हाला जड होत असेल, तर काही खुणा दिसतात. मागचा हात खाली ओघळतो. दहा-पंधरा फटक्यांनंतर खांदा भरून येतो. फटका मारल्यावर क्यू थोडा पुढे जायला हवा, पण तो मधेच थांबतो. हळू मारायचा चेंडूही लांब पळतो.

क्यू फार हलका असेल, तर याच्या उलट होतं. मूठ नकळत आवळली जाते. हाताला झटका बसतो. टिप डावी-उजवीकडे थरथरते. म्हणजे "हलका तोच चांगला" हेही खरं नाही! थोडं वजन असलेला क्यू एकदा रेषेत चालू लागला, की सहजासहजी वाकडा होत नाही. आपल्याला हवाय तो या दोन्हींच्या मधला.

सचिन तेंडुलकर जड बॅटने खेळायचा, हे सगळ्यांना माहीत आहे. पण म्हणून त्याच्यासारखी बॅट चौथीतल्या मुलाने उचलली, तर चेंडू येऊन यष्ट्यांवर आदळेल तरी बॅट वरच असेल! जुन्या काळी विटी-दांडू खेळणारी पोरं हे बरोबर ओळखून होती. ज्याचा त्याचा दांडू वेगळा. आपल्या हाताला बसेल असा, स्वतः तासून घेतलेला. आजोबांना विचारून पाहा.

निवडायचा कसा? मोजून!

कुणी म्हणेल, "मी तर २० च वापरतो." कुणी म्हणेल, "मुलींनी हलकाच घ्यावा." दोघांचंही ऐकून घ्या आणि मग स्वतः मोजा. वयावरून, उंचीवरून किंवा मुलगा-मुलगी यावरून आकडा ठरत नाही. तो तुमच्या फटक्यांवरून ठरतो.

१. तीन क्यू घ्या: १८, १९ आणि २० औंसांचे. आधी प्रत्येक क्यू टेबलावर लोळवून पाहा. टोक वरखाली नाचत असेल तर क्यू वाकडा आहे, तो ठेवून द्या. टिपही पाहा. ती नीट गोलसर आणि घट्ट बसलेली हवी. वाकड्या क्यूचं वजन कितीही योग्य असलं तरी काय उपयोग?

२. मित्राला किंवा मैत्रिणीला क्यूंवरच्या आकड्यांवर कागद चिकटवायला सांगा आणि अ, ब, क अशी नावं द्यायला सांगा. कोणता कितीचा, हे तुम्हाला कळता कामा नये. आकडा दिसला, की मन आधीच निकाल देऊन टाकतं!

३. पांढरा चेंडू टेबलाच्या एका टोकाकडे, बरोबर मधोमध ठेवा. समोरच्या कुशनवर सरळ मारा. फटका सरळ असेल, तर चेंडू त्याच वाटेने परत तुमच्या टिपेकडे येईल. टिपेपासून एका वितीच्या आत आला तर एक गुण. प्रत्येक क्यूने असे २० फटके. वहीत खुणा करत चला.

४. आता हळू फटका. चेंडू समोरच्या कुशनपासून एका वितीच्या आत थांबवायचा. प्रत्येक क्यूने १० वेळा. सामन्यात जोरापेक्षा हळू फटकेच जास्त लागतात.

५. दोन दिवसांनी हाच प्रयोग पुन्हा करा. या वेळी क्यूंचा क्रम बदला. पहिल्या दिवशी नशीब असतं, दुसऱ्या दिवशी खरं काय ते कळतं.

ज्या क्यूला दोन्ही दिवस मिळून जास्त गुण, तो तुमचा! दोघांना सारखे गुण पडले, तर शेवटच्या पाच फटक्यांना ज्याने हात दमला नाही तो घ्या. सगळा प्रयोग झाल्यावरच कागद काढा. आकडा पाहून आश्चर्य वाटलं, तर आनंदच माना. तुम्ही काहीतरी नवीन शिकलात.

घरच्या घरी करून पाहा

टेबल नाही? हरकत नाही. प्लास्टिकची रिकामी बाटली जेवणाच्या टेबलावर आडवी ठेवा, तोंड तुमच्याकडे. एक सरळ, गुळगुळीत, बोटाएवढी बारीक काठी घ्या. डावखुरे नसाल तर डावा हात टेबलावर टेकवून त्याच्या अंगठ्याशी खाच करा आणि तीत काठी टेकवा. आता काठीचं टोक बाटलीच्या तोंडातून आत-बाहेर करायचं, पण तोंडाला स्पर्श होऊ द्यायचा नाही! सलग दहा वेळा जमलं, तर समजा हात तयार होतोय. क्यूने खेळणारी मुलंही हा सराव करतात.

आणखी एक गंमत. घरातला केरसुणीवजा लांब दांड्याचा झाडू घ्या. एकदा दांड्याच्या टोकाला धरून आडवा उचला आणि एकदा झाडूजवळ धरून उचला. पहिल्यांदा किती जड वाटला! वजन मात्र तेच होतं. क्यूचंही तसंच. बोटावर आडवा तोलून पाहा. पूलचा क्यू बहुधा मागच्या टोकापासून साधारण ४५ सेंटिमीटरवर तोलला जातो. हा तोल पुढे सरकला, तर त्याच वजनाचा क्यू पुढे ओढतोय असं वाटतं. म्हणून एकाच आकड्याचे दोन क्यू हाताला वेगळे लागू शकतात. आकडा वाचून क्यू घेता येत नाही, तो हातात घ्यावाच लागतो.

उंची कमी पडते?

लहान मुलांची खरी अडचण पुष्कळदा वजनाची नसतेच, ती लांबीची असते! मोठ्यांचा क्यू साधारण ५८ इंची असतो. तो तुम्हाला लांब पडतो, मग तुम्ही तो मधेच धरता, तोल बिघडतो आणि वाटतं क्यू जड आहे. लहान मुलांसाठी ४८ आणि ५२ इंची क्यू मिळतात. आधी लांबी जुळवा, मग वजन.

आणि उंची कमी म्हणून हिरमुसू नका. फिलिपिन्स देशात १९५४ साली जन्मलेला एफ्रेन रेयेस लहानपणी मनिला शहरात काकांच्या पूल हॉलमध्ये वाढला. टेबल त्याला उंच पडायचं. तेव्हा हा पठ्ठ्या कोल्ड्रिंकच्या बाटल्यांच्या खोक्यांवर उभा राहून खेळायचा! १९९९ साली तोच नाइन-बॉल या पूलच्या प्रकारात जगज्जेता झाला.

एकदा निवडला, की निष्ठा!

क्यू निवडून झाला. आता रोज बदलायचा नाही. चार चेंडू चुकले, की "स्टिकच खराब आहे" म्हणणारे पुष्कळ असतात. नाचता येईना अंगण वाकडं! हाताला एका वजनाची सवय व्हायला काही आठवडे लागतात.

स्कॉटलंडचा स्टीफन हेंड्री १९९० ते १९९९ या काळात सात वेळा स्नूकरचा जगज्जेता झाला. सातही वेळा क्यू एकच, लहानपणापासून वापरलेला. तो काही महागडा नव्हता, अगदी स्वस्तातला होता! २००३ साली विमानप्रवासात तो मोडला, तेव्हा त्याची बातमी झाली. सात जगज्जेतेपदं आणणारा हात त्या एकाच क्यूला सरावला होता.

आई-बाबांसाठी थोडं

वाढदिवसाला क्यू आणायचा विचार असेल, तर एकटे जाऊन, खोक्यात बांधून आणू नका. मुलाला बरोबर न्या. शक्यतो आधी काही महिने क्लबातल्या किंवा जिमखान्यातल्या क्यूने खेळू द्या आणि वहीतले गुण पाहून मग ठरवा. पूलच्या पुष्कळ क्यूंमध्ये मागच्या रबरी बुचाखाली वजनाचा स्क्रू असतो. तो बदलून क्यू एखाद-दुसऱ्या औंसाने हलका किंवा जड करता येतो. वाढत्या वयाच्या मुलासाठी असा क्यू सोयीचा, कारण आज १८ औंस पुरले तरी दोन वर्षांनी १९ लागतील.

"पूल खेळतो म्हणजे मुलगा वाया गेला" ही भीती मी पालकसभेत ऐकली आहे. भीती खेळाची नसते, जागेची असते, आणि ती अगदीच चूक नाही. म्हणून जागा स्वतः जाऊन पाहा. तिथे धूर नको, पैशांच्या पैजा नकोत, शिकवणारं कुणी जाणतं माणूस हवं. तासाचे किती पैसे होतात, तेही आधी ठरवून द्या. विल्सन जोन्स यांना १९६५ साली पद्मश्री मिळाली आणि १९९६ साली द्रोणाचार्य पुरस्कार. तोही याच हिरव्या टेबलावरच्या खेळासाठी! मुलाला घराबाहेर लपून खेळावं लागण्यापेक्षा, तुम्ही शेजारच्या खुर्चीत बसून त्याचे वीस फटके मोजलेले केव्हाही बरे.

तर मुलांनो, कोड्याचं उत्तर आता तुमच्याजवळ आहे. त्या चार काठ्यांपैकी कोणती उचलायची, हे मी सांगणार नाही. वहीचं मागचं पान उघडा, तीन रकाने आखा, वर अ, ब, क लिहा आणि एखाद्या मित्राला हाक मारा. आकड्यांवर चिकटवायला कागद मात्र घ्यायला विसरू नका!